जहाजावरचा मैला जातो कुठे?

शौचकूपाचा विषय निघाला की वर्गात खसखस पिकते. बहुधा म्हणूनच नौकानयनाच्या इतिहासात शिडे, तोफा आणि होकायंत्र यांची वर्णने पानोपानी सापडतात, पण महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या शेकडो माणसांच्या मैल्याचे काय होई, हे क्वचितच सांगितलेले असते.

तो समुद्रात जाई. शिडांच्या काळात खलाशांची शौचाची जागा जहाजाच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला असे. चौकोनी शिडांचे जहाज बहुधा मागून किंवा बाजूने येणाऱ्या वाऱ्यावर चाले, त्यामुळे दुर्गंधी माणसांच्या वस्तीकडे न येता पुढे निघून जाई. खालची बाजू लाटा धुऊन काढीत. जहाजाच्या या 'डोक्या'वरून इंग्रज खलाशी शौचालयालाच 'हेड' म्हणू लागले, आणि आजही म्हणतात. १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईच्या वेळी 'व्हिक्टरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर आठशेहून अधिक माणसे होती. त्यांच्यासाठी नाळेवर भोके पाडलेल्या मोजक्याच लाकडी बैठका होत्या. वादळात तिथे जाऊन बसणे हे जिवावरचे काम होते.

ही सोय चालली, कारण मैला आपल्या वजनाने खाली पडत होता. पाणबुडीत तसे होत नाही. समुद्रात दर दहा मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. साठ मीटर खोलीवर बाहेरचा दाब आतल्यापेक्षा सहा वातावरणांनी जास्त असतो. पाच सेंटिमीटर व्यासाची एखादी झडप घेतली, तर तिच्यावर सुमारे १२० किलो वजनाइतका जोर पडेल. (हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे.) अशा वेळी मैला बाहेर जाणे राहिले दूर, समुद्रच आत येऊ पाहतो.

अमेरिकी पाणबुड्यांनी यावर टाकीचा उपाय केला. मैला टाकीत साठवायचा आणि सोयीच्या वेळी दाबाखालच्या हवेने बाहेर लोटायचा. टाकीत हवा भरलेली असताना कोणी शौचकूपाची झडप उघडली, तर सगळा ऐवज त्याच्याच तोंडावर येई. जर्मनांच्या 'सात-क' प्रकारच्या पाणबुड्यांत पन्नासएक माणसे आणि दोन शौचालये असत. त्यांतलेही एक सफरीच्या सुरुवातीला खाद्यपदार्थांनी भरलेले असे. इतक्या दाटीत टाकीला जागा कोण देणार? युद्धाच्या उत्तरार्धात त्यांनी खोल पाण्यातही थेट समुद्रात मैला फेकणारे शौचकूप बसवले. त्याच्या झडपा ठरावीक क्रमानेच उघडाव्या आणि मिटाव्या लागत, आणि त्यासाठी माणसांना खास शिकवावे लागे.

१४ एप्रिल १९४५ रोजी स्कॉटलंडच्या पीटरहेड बंदराजवळ 'यू-१२०६' ही पाणबुडी सुमारे साठ मीटर खोलीवर असताना हा क्रम चुकला. चूक खुद्द कप्तानाची की दुरुस्ती करणाऱ्याची, याच्या दोन हकिगती आहेत. पाणी वेगाने आत घुसले आणि खालच्या विद्युतघटांपर्यंत पोचले. खारे पाणी आणि विद्युतघट एकत्र आले की क्लोरीन तयार होतो. त्या विषारी वायूमुळे पाणबुडीला पृष्ठभागावर यावे लागले, तिथे विमानांनी तिला गाठले आणि अखेर तिच्याच माणसांनी ती बुडवली. चौघे दगावले, ४६ जण वाचले. युरोपातले युद्ध संपायला चोवीस दिवस उरले होते.

युद्धानंतर अमेरिकेत हौशी लोकांच्या लहान बोटी वाढल्या. त्यांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना खोलीच्या दाबाशी झगडायचे नव्हते. त्या उभ्या राहत तिथले पाणी संथ होते. भर समुद्रात जे विरून जाते, ते खाडीत रेंगाळते, आणि खाडीत कालवे असतात. कालव दिवसभर पाणी गाळून त्यातले सूक्ष्मजीव पोटात साठवते. १९२४-२५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत दूषित कालवांमुळे विषमज्वराची साथ आली, त्यात सुमारे दीडशे माणसे मेली. तो दोष सांडपाण्याचा होता; पण बोटीतला मैला म्हणजे सांडपाणीच, ते फक्त तरंगत असते.

१९७२ च्या जलप्रदूषण कायद्यानंतर तिथे नियम आले: किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या (साडेपाच किलोमीटरच्या) आत कच्चा मैला सोडायचा नाही. एक तर बोटीवर त्याच्यावर प्रक्रिया करा, नाही तर टाकीत धरून ठेवा. टाकीकडून समुद्राकडे वळणारी झडप असेल तर तिची मूठ काढून ठेवावी, नाही तर तिला कुलूप घालावे, इतक्या बारकाईने नियम लिहिले गेले. माणसाच्या शब्दापेक्षा कुलपावर भरवसा ठेवला, हे आम्हांला शहाणपणाचे वाटते.

पण टाकी ही जिवंत वस्तू आहे. आतला प्राणवायू संपला की सल्फेटमधला प्राणवायू वापरणारे जीवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते, म्हणून खाऱ्या पाण्याने धुतलेला शौचकूप अधिक घाण मारतो. हा वायू फार झाला की नाकाची संवेदनाच मरते. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे मुळीच नाही. यासाठी टाकीला हवा खेळवणारी नळी मोकळी लागते. ती तुंबलेली असताना धक्क्यावरचा पंप जोरात ओढू लागला, तर टाकी आतल्या बाजूला चेपते. बाहेरच्या हवेचा दाबच तिला दाबतो. रिकामी झाल्यावर गोड्या पाण्याने खळबळून पुन्हा उपसावी, म्हणजे तळाशी गाळ घट्ट बसत नाही.

मोठ्या जहाजांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम २००३ मध्ये अमलात आले. कच्चा मैला किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडेच सोडायचा, तोही थोडाथोडा आणि जहाज किमान चार नॉट वेगाने जात असताना, म्हणजे मागच्या घुसळणीत तो पसरतो. बाल्टिक समुद्राला एवढेही पुरले नाही. तो उथळ आणि अरुंद तोंडाचा. त्याचे पाणी बदलायला काही दशके लागतात, आणि मैल्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजते. स्वीडनने १ एप्रिल २०१५ पासून हौशी बोटींनाही आपल्या किनारी पाण्यात मैला सोडायला बंदी केली. त्यांनी टाकी बंदरात आणून पंपाने उपसून घ्यायची, आणि तिथून पुढे तो मैला शहराच्या सांडपाण्याच्या वाटेने जातो.