टाकलेला आंस पुन्हां गाडीखालीं

‘जुनें तें सोनें’ ही म्हण यंत्रांच्या जगांत फारशी खरी ठरत नाहीं. नवें इंजिन आलें कीं जुनें भंगारांत जातें, आणि त्याचें नशीब थोर असेल तर संग्रहालयांत. या नियमाला एक चमत्कारिक अपवाद मोटारींच्या इतिहासांत सांपडतो. मागें उघडा हौदा असलेल्या ज्या हलक्या मालगाडीला पिक-अप म्हणतात, त्या जातीच्या कारखान्यांतून आलेल्या सुधारलेल्या गाड्या अमेरिकेंतील अनेक हौशी मालकांनीं विकत घेतल्या, पुढच्या चाकांखालची नवी रचना कापून काढली आणि तिच्या जागीं कारखान्यानें सोडून दिलेला जुना अखंड आंस स्वतःच्या हातांनीं बसविला. पदरचा पैसा खर्चून नवें टाकावें आणि जुनें घ्यावें, हें खूळ म्हणावें कीं शहाणपण? याचा निर्णय करावयाचा तर या आंसाची हकीगत मुळापासून पाहिली पाहिजे.

आंस म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा. बैलगाडीला तो एकच असतो, आणि बैल वळले कीं गाडीही त्याच्यासह वळते. चार चाकांच्या गाडींत मात्र अडचण उत्पन्न झाली. पुढचा आंस मधल्या खुंट्यावर सबंध फिरवावा लागे. त्यामुळें वळणावर गाडीचा तोल जाई. १८१६ च्या सुमारास म्युनिक येथील लांकेन्स्पर्गर नांवाच्या गाड्या बनविणाऱ्या कारागिरानें यावर तोड काढली. आंस जागच्या जागीं स्थिर ठेवावयाचा आणि त्याच्या दोन्ही टोंकांना बिजागरीप्रमाणें वळणारे आंखूड तुकडे बसवून चाकें तेवढीं फिरवावयाचीं, ही त्याची कल्पना. रूडोल्फ ॲकरमन यानें १८१८ सालीं इंग्लंडांत तिचा हक्क नोंदविला आणि पुढें ती त्याच्याच नांवानें प्रसिद्धि पावली. आरंभीच्या मोटारींच्या पुढें असा आंस आला, आणि त्याच्यावर पोलादी पाट्यांच्या कमानी आल्या.

या आंसाचें काम तोंपर्यंत केवळ गाडीचा भार वाहण्याचें होतें. इंजिनाची ओढ मागच्या चाकांना मिळे. पुढचीं चाकें नुसतीं दिशा दाखवीत. चिखलांत मागचीं चाकें रुतलीं म्हणजे गाडी तेथेंच बसे. पुढच्या चाकांनाही ओढ देतां आली तर हें संकट टळेल, हें उघड होतें. पण जें चाक डावीउजवीकडे वळतें त्याच चाकाला फिरता दांडा जोडावयाचा कसा? येथें सांध्याचा प्रश्न आला. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत क्लिंटनव्हिल या लहानशा गांवीं ऑटो झाखो आणि विल्यम बेसरडिच या मेहुण्यांचें यंत्रदुरुस्तीचें दुकान होतें. त्यांनीं असा सांधा तयार करून १९०८ सालीं त्याचा हक्क मिळविला. त्यांतून निघालेल्या कंपनीचे चार चाकांना ओढ असलेले ट्रक पहिल्या महायुद्धांत हजारोंच्या संख्येनें वापरले गेले. त्यानंतर, वळतांनाही वेग एकसारखा ठेवणारे सांधे निघाले. फ्रान्समध्यें फनाय व ग्रेग्वार यांचा १९२६ चा सांधा आणि अमेरिकेंत आल्फ्रेड झेपा याचा सांधा हे त्यांत प्रमुख होत.

यापुढचा भाग मालकांच्या बाजूनें साक्ष देणारा आहे. आंस बदलणें हा आजकालच्या हौशी माणसांचा शोध नव्हे. खडतर वाटेनें जाणाऱ्या गाडीचा जन्मच मुळीं आंसाच्या अदलाबदलींतून झाला. इंडियानापोलिस शहरीं १९३१ सालीं मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी निघाली. १९३५ पासून ती फोर्डचे साधे ट्रक घेई, त्यांच्या पुढें ओढ देणारा आंस बसवी आणि चार चाकांनीं चालणारी गाडी म्हणून विकी. जीपची कथाही अशीच आहे. १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकी सैन्यानें लहान टेहळणी गाडी मागविली आणि पहिला नमुना देण्यासाठीं अवघे ४९ दिवस दिले. पेन्सिल्व्हेनियांतील बॅन्टम कंपनीनें तें आव्हान स्वीकारलें. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनियरनें आराखडे केले. परंतु एवढ्या अवधींत नवा आंस घडविणें शक्यच नव्हतें. तेव्हां स्टुडबेकर कंपनीच्या चॅम्पियन या साध्या प्रवासी मोटारीच्या आंसांत फेरफार करून स्पायसर कंपनीनें ते या गाडीसाठीं पुरविले. २३ सप्टेंबर १९४० रोजीं, मुदत संपावयास अर्धा तास उरला असतांना, ती गाडी सैन्याच्या ठाण्यावर दाखल झाली. पुढें विलिज व फोर्ड या कंपन्यांनीं महायुद्धांत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. त्या सर्वांच्या पुढें आणि मागें अखंड आंसच होता.

युद्ध संपल्यावर हीच रचना नागरी जीवनांत उतरली. डॉज कंपनीनें १९४६ सालीं ‘पॉवर वॅगन’ हा चार चाकांना ओढ देणारा पिक-अप बाजारांत आणला. मिनीआपोलिस येथील नॅपको कंपनी १९५० नंतरच्या दशकांत शेव्हरोले व जीएमसी यांच्या साध्या पिक-अपला पुढचा ओढीचा आंस बसविण्याचें साहित्य पुरवीत असे. १९५७ पासून तें कारखान्यांतच बसवून मिळूं लागलें. महाराष्ट्राचा या वंशाशीं संबंध आला तो याच काळांत. १९४९ च्या सुमारास महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलिज जीपची जुळणी सुरू केली, आणि सरकारी अधिकाऱ्याची दौऱ्याची गाडी म्हणून जीप खेडोपाडीं परिचित झाली.

मग असा कसोटीस उतरलेला आंस कारखान्यांनीं टाकला कां? याचें उत्तर खडकाळ वाटेवर नाहीं; गुळगुळीत सडकेवर आहे. अखंड आंसाचें एक चाक दगडावर चढलें कीं सबंध आंस कलतो आणि दुसरें चाकही त्याच्याबरोबर कलतें. गति मंद असतां याचें कांहीं वाटत नाहीं. वेगांत मात्र फिरतें चाक भोंवऱ्यासारखें वागतें. त्याला कलविलें कीं तें आडव्या दिशेनें जोर करतें, आणि पुढचीं चाकें थरथरूं लागून चालकाच्या हातांतील चक्राला हिसके बसतात. शिवाय जड आंस कमानींच्या खालीं असल्यामुळें त्याचे धक्के गाडींत पोंचतात. रोल्स-रॉइसमधून १९३० सालीं जनरल मोटर्सकडे आलेल्या मॉरिस ऑली या इंजिनियरनें या दोषांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९३४ च्या नमुन्यांपासून त्या कंपनीच्या प्रवासी मोटारींचा पुढचा आंस नाहींसा झाला आणि प्रत्येक चाक आपापल्या भुजेवर स्वतंत्रपणें वरखालीं होऊं लागलें. इटलींतील लांचिया कंपनीनें १९२२ सालींच असा प्रयोग ‘लाम्ब्डा’ गाडींत केला होता.

चार चाकांच्या पिक-अपपर्यंत ही सुधारणा पोंचावयास आणखी अर्धें शतक लागलें. तोंवर ही गाडी शेतावरची किंवा खाणीवरची असे. तिच्या धक्क्यांविषयीं कोणी तक्रार करीत नसे. पुढें ती कुटुंबाची गाडी बनली. हौद्यांत गवताच्या पेंढ्या असोत वा नसोत, आंत मुलेंबाळें असत आणि मार्ग बहुधा डांबरी असे. गिऱ्हाईक बदललें तशी रचना बदलली. १९८० सालीं फोर्डनें आपल्या हलक्या पिक-अपच्या आंसाचे दोन भाग करून ते स्वतंत्रपणें झुलते ठेवले. टोयोटानें १९७९ पासून अमेरिकेंत विकलेल्या लहान चौचाकी ओढीच्या पिक-अपला अखंड आंस होता. १९८६ च्या नमुन्यांत तो जाऊन स्वतंत्र रचना आली. १९८८ सालीं जनरल मोटर्सच्या नव्या पिक-अपनें तोच मार्ग धरला. कारखानदारांनीं कोणाची फसवणूक केली असें नव्हे. शंभरांतील बहुसंख्य गिऱ्हाइकांना काय हवें याचा त्यांनीं हिशेब केला, आणि तो हिशेब बिनचूक होता.

परंतु हिशेबांतून सुटलेले गिऱ्हाईकही होतेच. कॅलिफोर्नियांतील सिएरा नेवाडा पर्वतांत रूबिकॉन नांवाची वाट आहे. १९५३ पासून तेथें जीपगाड्यांचा मेळा भरत आला आहे. युटाह संस्थानांतील मोआब येथील लाल खडकांवर १९६७ पासून ईस्टरच्या सणांत तसाच मेळा भरूं लागला. अशा वाटांवर गाडी माणसाच्या चालीपेक्षांही हळू जाते. तेथें अखंड आंसाचा दोष निरुपद्रवी होतो आणि तोच गुण ठरतो. एक चाक खडकावर चढलें म्हणजे त्याच आंसाचें दुसरें चाक तराजूच्या पारड्याप्रमाणें खालीं दाबलें जातें व जमिनीला धरून राहतें. स्वतंत्र रचनेंत हा परस्परसंबंध तुटलेला असतो, आणि भुजा आंखूड असल्यामुळें चाकाची खालींवर होण्याची मर्यादाही थोडी असते. मग एक चाक अधांतरीं उचललें जातें. दोन चाकांना ओढ वांटून देणारीं साधीं दंतचक्रें अशा वेळीं अधांतरीं चाकच गरगर फिरवितात. जमिनीवरचें चाक स्तब्ध राहतें आणि गाडी अडते. आणखी असें कीं, अखंड आंसाचा मध्यभाग चाकांबरोबर उचलला जातो, म्हणून त्याच्याखालचें अंतर जवळपास कायम राहतें. स्वतंत्र रचनेंत गाडी दबली कीं पोटच खडकावर आदळतें. पूर्वी एका जाड पोलादी घरांत सुरक्षित असलेलें काम आतां रबरी आवरणांतील उघडे सांधे व बारीक दांडे करूं लागले. वस्तींपासून दूर असा एक दांडा मोडला तर केवळ सहल बिघडत नाहीं. परतीचा मार्गच बंद होतो.

म्हणून मालकांनीं करवत हातीं घेतली. काम सोपें नव्हे. प्रथम गाडीच्या पोलादी सांगाड्याला जोडलेल्या भुजा, त्यांचे आधार व मधलें तुळईवजा जोडकाम कापून सांगाडा घांसून स्वच्छ करावयाचा. मग त्यावर कमानी अडकविण्याचे जाड कान मोजमाप करून वेल्डिंगनें पक्के जोडावयाचे. जुना आंस मिळवावयाचा: टोयोटाच्या मालकांनीं बहुधा १९७९ ते १९८५ या काळांतल्या गाडीचा आंस शोधला, अधिक बळकटी हवी असलेल्यांनीं डेना कंपनीचे चव्वेचाळीस व साठ क्रमांकाचे आंस पसंत केले. ही डेना म्हणजे जीपला आंस पुरविणाऱ्या स्पायसरचीच वारस होय. पुढच्या व मागच्या आंसांतील दंतचक्रांचें प्रमाण एकच पाहिजे. नाहींतर चारी चाकें ओढूं लागतांच एक आंस दुसऱ्याशीं झगडतो. ज्या खुंटीभोंवतीं पुढचें चाक वळतें ती किंचित् मागें कललेली असावी लागते. तो कल साधला नाहीं तर गाडी सरळ रेषेंत टिकत नाहीं. स्टिअरिंगचे दांडे नव्यानें रचावयाचे, ब्रेकच्या नळ्या लांबवावयाच्या, इंजिनाकडून येणारा फिरता दांडा मापाचा करावयाचा. या यादींतील कोणत्याही एका कामांत कुचराई झाली तर तिची किंमत केवळ मालक देत नाहीं. समोरून येणारा निरपराध मनुष्यही देतो.

या कलेची खरी कसोटी येथें आहे. ऑलीनें जी थरथर दूर केली ती जुन्या आंसाबरोबर परत येऊं शकते; खडकावर सिद्ध झालेली गाडी हमरस्त्यावर अनिष्ट ठरूं शकते. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें कारखान्यानें ठरविलेल्या मूळ रचनेंत फेरफार करण्यावर बंधन घातलें आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या बंधनाचा कडक अर्थ उचलून धरला. आपली गाडी आपल्या कामाजोगी करण्याचा मालकाचा अधिकार आणि रस्त्यावर निर्धास्त चालण्याचा इतरांचा अधिकार, या दोहोंत कायद्यानें दुसऱ्याला वरचें स्थान दिलें. त्यांत अन्याय झाला असें म्हणतां येत नाहीं. कारण सांगाड्यावरचा जोड पक्का आहे कीं कच्चा, हें रस्त्यानें जाणाऱ्याला पाहतां येत नाहीं.

तरीही मालकांचें म्हणणें इतिहासानें खोटें पाडलें नाहीं. टोयोटानेंच अमेरिकेबाहेरच्या कांहीं देशांत आपल्या पिक-अपला अखंड आंस १९९७ पर्यंत चालू ठेवला होता. लँड रोव्हर डिफेंडरनें तो २०१६ सालीं सोडला, आणि नवी स्वतंत्र रचनेची गाडी २०२० सालीं आली. पण २०२२ सालीं इनिऑस कंपनीनें ग्रेनेडियर ही अगदीं नवी गाडी काढली ती पुढें-मागें अखंड आंस घेऊनच. सुझुकीच्या लहानग्या जिम्नीनें २०१८ च्या नव्या अवतारांतही तो टाकला नाहीं. उलट, २०१० सालीं महिंद्रनें बाजारांत आणलेल्या थार गाडीला, जीपचा थेट वारसा असतांही, पुढें स्वतंत्र रचना होती.

यावरून आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. जुना आंस सोन्याचा नव्हता आणि नवी रचना पितळेची नव्हती. सडकेसाठीं नवी रचना श्रेष्ठ ठरली, खडकासाठीं जुनी. सुधारणा हा शब्द उच्चारतांना ती कोणत्या वाटेवरची आणि कोणासाठीं, हें विचारावयाचें राहून गेलें म्हणजे बहुसंख्यांची सोय हीच सर्वांची प्रगति असा समज रूढ होतो. ज्यांची वाट निराळी होती त्यांनीं तो समज निमूटपणें मानला नाहीं. त्यांनीं क्लिंटनव्हिलच्या मेहुण्यांची आणि बॅन्टमच्या इंजिनियरची जुनी विद्या पुन्हां हातीं घेतली, आणि आपल्या वाटेला लागणारा आंस आपल्या गाडीखालीं आणून बसविला.