कुरुंदा परिसरातील जमिनीचे मोल आणि सार्वजनिक बांधकामे

शेतजमिनीची किंमत मातीच्या कसावर ठरते ही समजूत जुनी आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. कस तोच राहिला तरी शेजारून लोहमार्ग गेला, पाटाचे पाणी आले अथवा महामार्गाची खूण रोवली गेली की तीच जमीन निराळ्या भावाने विकली जाते. ही वाढ मालकाच्या श्रमाची नव्हे. ती कोणाच्या पदरी पडावी, हा प्रश्न महसुली व्यवस्थेपुढे शतकाहून अधिक काळ उभा आहे. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे मोठे गाव आणि त्याचा परिसर या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. हैदराबाद संस्थान, १९५६ नंतरचे द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० नंतरचे महाराष्ट्र अशा तीन राजवटींचे कायदे या भूमीवरून गेले. गाव प्रथम परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला.

पहिले मोठे बांधकाम म्हणजे लोहमार्ग. मनमाड-सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि पूर्णेहून वसमतमार्गे हिंगोलीकडे जाणारा फाटा १९१२ च्या सुमारास आला. कुरुंदा या मार्गाच्या बाजूस राहिले. वसमतला मात्र स्थानक मिळाले. अशा प्रसंगी लाभ दोन प्रकारांनी वाटला जातो. स्थानकाच्या गावी आडती, वखारी व जिनिंग यांच्यासाठी जागेची मागणी वाढते आणि गावठाणालगतच्या जागांचे मोल एकदम चढते. दूरच्या गावी तसे घडत नाही. तेथे बैलगाडीचे भाडे वाचते, आणि कापसाच्या भावातून जेवढे वाचले तेवढेच शेताच्या मोलात हळूहळू उतरते. कुरुंद्यासारख्या गावाच्या वाट्यास हा दुसरा, मंद लाभ येणे क्रमप्राप्त होते.

हा लाभ राज्यकर्त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. विंगेट व गोल्डस्मिड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुंबई इलाख्याच्या पाहणी पद्धतीत मातीची प्रत आण्यांत मोजली जाई, परंतु गावांचे गट पाडताना बाजारपेठ व दळणवळण यांचाही विचार होई. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने याला एक न्याय्य मर्यादा घातली: शेतकऱ्याने स्वखर्चाने विहीर खणली तर तिच्या योगे झालेल्या सुधारणेवर फेरआकारणीत सारा वाढवावयाचा नाही. सरकारने बांधलेल्या रस्त्यामुळे अथवा लोहमार्गामुळे बाजार जवळ आला, तर त्या वाढीत सरकारचा वाटा मान्य होता. हैदराबाद संस्थानाने पाहणीच्या कामी मुंबईचाच कित्ता गिरवला. तत्त्व म्हणून हा भेद आजच्या बहुतेक कायद्यांपेक्षा स्वच्छ होता, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि लोहमार्गाने जे मंदपणे घडवले ते कालव्याने एका पिढीत घडवले. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरी आणि त्याखाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर ही धरणे १९६८ च्या सुमारास पुरी झाली. पुढे पैनगंगेवरील इसापूर धरणाचे पाणी कळमनुरीच्या बाजूस आले. वसमत-कळमनुरी पट्ट्यात ज्वारी-कापसाच्या जोडीला ऊस, केळी आणि हळद उभी राहिली. वसमतला पूर्णा व कुरुंद्यास टोकाई हे सहकारी साखर कारखाने निघाले. येथे केवळ वाहतुकीचा खर्च वाचला नाही. जमिनीची जातच बदलली. जिरायत रान बागायत झाले.

या बदलाची किंमत किती धरावी? खरेदीखतांतील आकड्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. त्याचे कारण पुढे येईल. त्याहून भरवशाचे माप कायद्यानेच ठेवून दिले आहे. महाराष्ट्र शेतजमीन (धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ यात १९७५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार बारमाही बागायतीची मर्यादा १८ एकर, सरकारी पाण्याच्या एका हंगामाची खात्री असलेल्या जमिनीची २७ एकर, आणि कोरडवाहूची ५४ एकर ठरली. म्हणजे विधिमंडळाने पाण्याखालचा एक एकर कोरडवाहू तीन एकरांच्या बरोबरीचा मानला. हे प्रमाण बाजाराचे नव्हे, हे खरे; परंतु कालव्याच्या पाण्याला शासनाने स्वतः लावलेले हे मोल आहे. त्यात चारीच्या मुखाजवळचा आणि शेवटाकडचा शेतकरी हा भेद दिसत नाही. कागदोपत्री दोघेही लाभक्षेत्रात. शेवटाकडच्यास पाणी पाळीला पोचेल याची शाश्वती नसते. मुखाजवळच्या भारी काळ्या रानाला अतिपाण्याने चोपण होण्याची भीती असते, तीही त्यात नाही.

लाभक्षेत्रात आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे अधिनियम १९७६ पासून झाले. त्यांनुसार लाभक्षेत्रातील जमिनीचा काही भाग विस्थापितांसाठी घ्यावयाचा, व तोवर हस्तांतरणावर निर्बंध. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘पुनर्वसनासाठी राखीव’ अशी नोंद पडली की जमीन कितीही पिकाऊ असो, बाजारात तिचे मोल खाली येते. एकाच प्रकल्पाने जमिनीला भाव दिला आणि विकण्याची मोकळीक काढून घेतली.

भूसंपादनाचा प्रश्न याहून अवघड आहे. १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाच्या कलम २४ ने, संपादित जमीन ज्या कामासाठी घेतली त्या कामामुळे तिचे मोल वाढणार असेल तर ती वाढ मोबदल्यात धरू नये असे सांगितले होते. रस्त्यात ज्याचे शेत गेले त्यास जुना भाव आणि त्याच्या बांधाशेजारच्यास रस्त्याचा नवा भाव, असा परिणाम त्यातून निघे. २०१३ च्या अधिनियमाने शंभर टक्के दिलासा रक्कम आणि ग्रामीण भागासाठी एक ते दोन हा गुणक देऊन मोबदला वाढवला, परंतु मूळ आधार मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांचाच ठेवला. त्यांपैकी चढ्या किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी धरावयाची. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खतात कमी आकडा घालण्याची रीत सर्वत्र परिचित आहे. विकणारा व घेणारा यांनी त्या दिवशी केलेली बचत, पुढे त्याच शिवारातील तिसऱ्याच्या मोबदल्यातून कापली जाते.

जालना-नांदेड द्रुतगती मार्ग आणि वर्ध्याच्या पवनारहून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत योजलेला शक्तिपीठ महामार्ग, या दोन्ही आखण्यांत हिंगोली जिल्हा येतो. शक्तिपीठाच्या आखणीस जिल्ह्यातील बागायतदारांकडून विरोध झाला. तो केवळ मोबदल्याच्या आकड्याचा मानणे चूक ठरेल. लोहमार्गाला स्थानक होते व कालव्याला चारी होती. प्रवेश-नियंत्रित महामार्गाला गावाशी जोडणारे दार मोजक्याच ठिकाणी असते. ते दार दूर असेल तर शेजारच्या शेताला वाढीव मोल मिळत नाही. उलट शिवाराचे दोन तुकडे होतात, आणि पाटाची चारी व बैलगाडीची वाट मध्येच तुटते. ज्या बागायतीचे मोल कालव्याने उभे केले, ती महामार्गाखाली देताना शेतकरी जमिनीबरोबर अर्धशतकाचे पाणीही देत असतो, आणि त्या पाण्याला खरेदीखतात स्वतंत्र रकाना नाही.