शिगमो: गावचा मांड आणि शहरातली मिरवणूक

फाल्गुन पौर्णिमेच्या सुमारास येणारा शिगमो हा गोव्याचा मोठा लोकोत्सव. तेरेखोल नदीपलीकडे, सिंधुदुर्ग-रत्नागिरीत, त्यालाच शिमगा म्हणतात. बंगालात याच पौर्णिमेला दोलयात्रा असते. मणिपुरात या दिवशी सुरू होणारा याओशांग पाच दिवस चालतो. पौर्णिमा एकच, रीत मात्र प्रत्येक मुलखाची वेगळी.

पेडणे-डिचोलीची रीत

जुन्या काबिजादीत शिगमो साधारणपणे पौर्णिमेपूर्वी सुरू होऊन पौर्णिमेला संपतो. पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादीत तो पौर्णिमेपासून पुढे रंगतो. हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेले. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा काळ ओसरला होता. त्यामुळे इथल्या ग्रामदैवतांच्या रीती बऱ्याच अंशी टिकून राहिल्या.

उत्सवाचे मूळ ठिकाण म्हणजे मांड. तिथे आधी नमन होते, देवतांना आवाहन केले जाते. मग ढोल, ताशे आणि कासाळ्यांच्या गजरात रोमट निघते. घोडेमोडणीत कमरेला लाकडी घोडा बांधलेले, फेटा घातलेले नर्तक हातात तलवार घेऊन नाचतात. कोणी कधी नाचायचे, पहिला मान कोणाचा, हे गावच्या रिवाजाने ठरलेले असते.

शहरातली मिरवणूक

पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, डिचोली, पेडणे अशा ठिकाणी सरकारी पाठबळावर शिगमोत्सवाच्या मिरवणुका निघतात. रोमटामेळ, लोकनृत्ये, वेशभूषा आणि चित्ररथ यांच्या स्पर्धा होतात. गावच्या पथकांना बक्षिसे मिळतात आणि एका तालुक्याची कला दुसऱ्या तालुक्याला पाहायला मिळते. पण मिरवणुकीची तारीख शहरांच्या सोयीने ठरते आणि नृत्य परीक्षकांसमोर काही मिनिटांत आटोपावे लागते. नमन आणि मान यांना तिथे फारशी जागा नसते. म्हणून मिरवणूक मांडाला पूरक ठरते, त्याची जागा घेऊ शकत नाही.

सामायिक ठेवा

घुमट हे वाद्य हिंदूंच्या आरतीत वाजते आणि ख्रिस्ती समाजाच्या मांडो गायनातही. २०१९ मध्ये ते गोव्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर झाले. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले. आता बकऱ्याचे कातडे वापरतात, आणि घुमट वाजतेच आहे. साहित्य बदलले तरी चालते. वाजवणारे हात मात्र हवेत.

हरमलसारख्या किनारी गावात नेमकी हीच अडचण आहे. शिगमो पर्यटनाच्या हंगामात येतो, तेव्हा तरुण मंडळी धंद्यात गुंतलेली असतात. बाहेरगावी राहणाऱ्या सभासदांनी म्हणूनच रजा ठरवताना मिरवणुकीच्या तारखेपेक्षा आपल्या मांडाची तिथी आधी गावात विचारावी. मुलांना नमनापासून उभे करावे. ताशाचा ठेका तिथेच कानावर पडतो आणि पुढच्या वर्षी हातात येतो.