खारवट जमिनीचं पीक आणि द्युआमेलचा प्रयोग

पापडखार सगळ्यांना माहीत असतो. पण हा खार पूर्वी झाडं जाळून मिळायचा, असं सांगितलं की बरेच जण चमकतात. पंजाब-सिंधच्या खारवट माळांवरची झुडपं जाळून सज्जीखार काढत. युरोपातले साबण आणि काच हे दोन मोठे धंदेही अशाच राखेवर चालायचे. तिथला नावाजलेला माल स्पेनच्या आलिकान्ते-मुर्सिया भागातून यायचा आणि त्यासाठीची वनस्पती तिथले शेतकरी चक्क पेरायचे.

तिचं नाव बारिया. अठराव्या शतकातली व्यापाराची कागदपत्रं वाचणार असाल तर इथे सावध राहा: बारिया म्हणजे झाडही आणि त्याची राखही. शिवाय एकाच नावाखाली दोन-तीन वेगवेगळ्या जाती येतात. त्यांतली साल्सोला सोडा ही वर्षायू, म्हणजे एका हंगामात उगवून, बी धरून संपणारी. गहू जिथे नीट येत नाही अशा खारट जमिनीत ती लावायची, वाढली की उपटून वाळवायची आणि खड्ड्यात जाळायची. आचेने क्षार वितळून एकजीव व्हायचे आणि थंड झाल्यावर दगडासारखा गठ्ठा तयार व्हायचा. तो फोडून जहाजात भरायचा. चांगल्या मालात सोडियम कार्बोनेट साधारण पाव हिस्सा असायचं. स्कॉटलंडच्या समुद्रशेवाळाच्या राखेत ते फारच कमी.

आता प्रश्न असा की हा सोडा झाड स्वतः तयार करतं, की जमिनीतून घेतं? आज उत्तर सोपं वाटतं. पण त्या काळी अनेकांना वाटायचं की वनस्पती आपले क्षार आपणच घडवते. तसं असेल तर बी आणून कुठेही पेरावं आणि स्पेनकडून राख विकत घेणं थांबवावं. फ्रान्सला ते हवंच होतं.

आंरी-लुई द्युआमेल द्यु मोंसो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३६ मध्ये दाखवून दिलं होतं की समुद्राच्या मिठातला क्षार आणि लाकडाच्या राखेतला क्षार वेगळे आहेत. म्हणजे आजच्या भाषेत सोडियम आणि पोटॅशियम. पुढे त्याने समुद्रकाठी वाढणारी काली ही खारी वनस्पती, तीही वर्षायूच, समुद्रापासून लांब, दनँविलिए इथल्या आपल्या इस्टेटीवर लावली. अनेक वर्षं लावत राहिला. राखेचं पृथक्करण कादे या रसायनशास्त्रज्ञाने केलं. पहिल्या वर्षी राखेत सोडा जास्त निघाला. मग वर्षागणिक पोटॅश वाढत गेलं आणि शेवटी सोडा जवळजवळ नाहीसा झाला.

मला या प्रयोगात सगळ्यात आवडतो तो त्याचा धीर. एका वर्षाचा निकाल पाहून थांबला असता, तर ‘झाडच सोडा बनवतं’ असा नेमका उलटा निष्कर्ष निघाला असता! वनस्पतीची निवडही सोयीची ठरली. बहुवर्षायू झुडपाच्या खोडात जुना क्षार साठून राहू शकतो, इथे मात्र दरवर्षी नवं झाड, नवी राख. आज हा प्रयोग आखायचा तर शेजारच्या वाफ्यात मुद्दाम मीठ घालून तीच झाडं लावावी लागतील. का, ते स्वतः मांडून बघा. मुलाखतीत विचारतात असले प्रश्न.

तर निष्कर्ष असा की झाड सोडियम घडवत नव्हतं, साठवत होतं. पानांच्या पेशींत सोडियमचा काही भाग सेंद्रिय आम्लांशी जोडलेला राहतो आणि जाळल्यावर त्याचं कार्बोनेट होतं. त्यामुळे चांगल्या, गोड्या जमिनीत हे पीक हिरवंगार आलं तरी सोड्यासाठी निरुपयोगी. आलिकान्तेच्या शेतकऱ्याची खरी पुंजी होती ती त्याची ‘नापीक’ जमीन.

एक गंमत जाता जाता. ‘अल्कली’ हा शब्द अरबीतून आला, अशा झाडांच्या राखेच्या नावावरून. त्याच नावावरून पुढे कॅलियम झालं आणि पोटॅशियमला ‘के’ ही खूण मिळाली. म्हणजे झाड सोडियमचं, नाव पोटॅशियमला!

फ्रान्सला मग दुसरा रस्ता शोधणं भाग होतं. समुद्राच्या मिठापासून थेट सोडा बनवणाऱ्यासाठी विज्ञान अकादमीने २,४०० लिव्हरचं बक्षीस जाहीर केलं. निकोला लब्लांने पद्धत शोधली, १७९१ मध्ये पेटंट घेतलं. क्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना जप्त झाला, बक्षीस मिळालंच नाही, आणि १८०६ मध्ये त्याने आत्महत्या केली. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत ही शोकांतिका हमखास सापडते. दुसरी क्वचितच सापडते. कॅनरी बेटांवरच्या लान्झारोतेत बारियाच्या निर्यातीवर आरेसीफे हे बंदर वाढलं होतं. तिथे यासाठी वेगळीच एक खारी वनस्पती लावत. एकोणिसाव्या शतकात कारखान्यातला स्वस्त सोडा बाजारात आला, राखेचे भाव कोसळले आणि त्या बेटावर बारिया पिकवणाऱ्यांच्या हातात उरली फक्त खारट जमीन.