किशोरवयीन मुलांमधील आत्महत्येचा धोका

किशोरवयीन मुलांमधील आत्महत्येचा धोका वेळेत ओळखणे आणि त्याला योग्य प्रतिसाद देणे हा सार्वजनिक आरोग्य, मानसोपचार व शिक्षण या तिन्ही क्षेत्रांशी संबंधित विषय आहे. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे या वयोगटास किशोरवय मानते. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्या बहुसंख्य मुलांना मृत्यूपेक्षा असह्य वेदनेतून सुटका हवी असते. जगण्याची इच्छा व मरणाची इच्छा एकाच वेळी मनात असणे हे या अवस्थेचे वैशिष्ट्य आहे. तीव्र संकटाचा काळ अनेकदा अल्प असतो. त्या काळात कोणी विचारपूस केली, सोबत राहिले आणि उपचारांपर्यंत पोहोचवले, तर जीव वाचू शकतो.

व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ७,२०,०००हून अधिक व्यक्तींचा मृत्यू आत्महत्येने होतो. १५ ते २९ या वयोगटात हे मृत्यूचे तिसरे मोठे कारण आहे. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ मध्ये एकूण १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद केली. त्यांपैकी १३,०४४, म्हणजे सुमारे ७.६ टक्के, विद्यार्थी होते. सामाजिक कलंकामुळे काही मृत्यू अपघाती म्हणून नोंदवले जातात. त्यामुळे प्रत्यक्ष संख्या नोंदींपेक्षा अधिक असू शकते.

कारणे व जोखीम घटक

आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते. परीक्षेतील अपयश, प्रेमभंग किंवा घरातील भांडण हे बऱ्याचदा तात्कालिक निमित्त असते. त्यामागे दीर्घकाळ साचलेले अनेक घटक असतात. पूर्वी झालेला आत्महत्येचा प्रयत्न हा सर्वांत महत्त्वाचा जोखीम घटक मानला जातो. इतर प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत:

• नैराश्य, चिंताविकार व इतर मानसिक आजार, तसेच स्वतःला इजा करण्याची सवय
• मद्य व अन्य अमली पदार्थांचे सेवन
• लैंगिक, शारीरिक किंवा भावनिक अत्याचार आणि घरातील हिंसाचार
• शाळेत, वसतिगृहात किंवा समाजमाध्यमांवर होणारा छळ
• जात, लिंगभाव, लैंगिक कल किंवा अपंगत्वावरून होणारा भेदभाव
• कुटुंबात किंवा मित्रवर्गात झालेली आत्महत्या
• घातक साधने सहज हाती लागणे

मेंदूतील भावनांशी निगडित भाग किशोरवयात अधिक सक्रिय असतात, तर परिणामांचा विचार करून आवेगाला आवर घालणारा अग्रभाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. त्यामुळे या वयात संकटाच्या क्षणी आवेगाने कृती होण्याची शक्यता अधिक असते. याउलट विश्वासाने बोलता येईल असे एक तरी प्रौढ माणूस, शाळेविषयीची आपुलकी, मित्रांची साथ आणि अडचणी सोडवण्याची कौशल्ये हे संरक्षक घटक ठरतात.

धोक्याची लक्षणे

मुलाच्या नेहमीच्या वागण्यात झालेला स्पष्ट बदल ही सर्वांत उपयुक्त खूण असते. किशोरवयीन मुलांमध्ये नैराश्य उदासीपेक्षा चिडचिडेपणातून किंवा वारंवार होणाऱ्या डोकेदुखी व पोटदुखीसारख्या तक्रारींतून व्यक्त होऊ शकते. ‘वयच तसे आहे’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

बोलण्यातील लक्षणे: ‘जगून काय उपयोग’, ‘मी नसलो तर सगळे सुटतील’, ‘आता काहीच बदलणार नाही’ अशी वाक्ये, मृत्यूविषयी वारंवार बोलणे किंवा लिहिणे.

वागण्यातील लक्षणे: मित्र व आवडीच्या गोष्टींपासून दूर जाणे, झोप व भूक यांत बदल, अभ्यासात अचानक घसरण, बेफिकीर धाडस, अंगावरील जखमा लपवणे.

तातडीची लक्षणे: स्वतःला संपवण्याची धमकी किंवा योजना, त्यासाठी साधनाचा शोध, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोपाचे संदेश पाठवणे. दीर्घ उदासीनंतर कारणाविना आलेली शांतताही काही वेळा निर्णय झाल्याची खूण असते.

प्रत्येक मुलात ही लक्षणे दिसतीलच असे नाही. म्हणून एखाद्या मृत्यूनंतर ‘लक्षात कसे आले नाही’ असा दोष कुटुंबाला देणे अन्यायकारक ठरते.

थेट विचारणे

आत्महत्येविषयी विचारल्यास तो विचार मुलाच्या डोक्यात भरेल, ही समजूत सर्वत्र आढळते. संशोधन तिला पुष्टी देत नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात २,३४२ शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे प्रश्न विचारल्याने मुलांचा मानसिक त्रास किंवा आत्महत्येचे विचार वाढल्याचे आढळले नाही. आधीच त्रासात असलेल्या मुलांनाही त्याचा अपाय झाला नाही.

प्रश्न एकांतात, शांत स्वरात व स्पष्ट शब्दांत विचारावा, असे तज्ज्ञ सुचवतात. उदाहरणार्थ, ‘गेले काही दिवस तू फार त्रासात दिसतोस. कधी जीव द्यावासा वाटतो का?’ उत्तर ‘हो’ असल्यास योजना आहे का, साधन जवळ आहे का आणि पूर्वी प्रयत्न झाला होता का, हे विचारावे. ‘तू तसले काही करणार नाहीस ना?’ या प्रश्नात अपेक्षित उत्तर दडलेले असल्याने मूल सहसा ‘नाही’ म्हणते.

प्रतिसाद

ऐकताना सल्ला, तुलना व उपदेश टाळणे आवश्यक असते. ‘एवढ्याशा गोष्टीसाठी?’ किंवा ‘आईवडिलांचा तरी विचार कर’ यांसारख्या वाक्यांनी अपराधभाव वाढतो आणि संवाद तुटतो. ‘तू सांगितलेस हे बरे झाले, आपण मिळून मार्ग काढू’ अशा शब्दांनी आधार मिळतो. ही गोष्ट गुप्त ठेवण्याचे वचन मात्र देऊ नये. हे कळलेल्या मित्रानेही ते विश्वासू प्रौढास सांगणे हा विश्वासघात ठरत नाही. घरातच अत्याचार होत असल्यास मुलाच्या सुरक्षिततेचा विचार करूनच कोणाला कळवायचे ते ठरवावे.

धोका तातडीचा असल्यास मुलास एकटे सोडू नये व रुग्णालयात न्यावे. घरातील कीटकनाशके, औषधे व अन्य घातक साधने बाहेर हलवावीत किंवा कुलपात ठेवावीत. साधन हाताशी नसल्याने आवेगाचा काळ निघून जाण्यास अवधी मिळतो. व्यक्ती दुसरा मार्ग शोधतेच, हा समज बहुतांशी चुकीचा आहे.

उपचारांमध्ये मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी, बोधात्मक वर्तन उपचार व कुटुंबाचे समुपदेशन यांचा समावेश होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राउन यांनी विकसित केलेली ‘सुरक्षा योजना’ अनेक ठिकाणी वापरली जाते. तिच्यात स्वतःच्या धोक्याच्या खुणा, मन सावरण्याचे उपाय आणि मदतीला बोलावण्याच्या व्यक्ती यांची यादी मूल तज्ज्ञाच्या मदतीने लिहून ठेवते. नैराश्यरोधक औषधे सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मुलावर बारीक लक्ष ठेवावे लागते आणि ती डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. प्रयत्नानंतर रुग्णालयातून घरी आल्यावरचे काही आठवडे विशेष जोखमीचे असतात.

शाळेची भूमिका

दहा युरोपीय देशांतील ११,०००हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या व २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भावना व ताण यांविषयी मुलांना चर्चा व भूमिकाभिनयातून बोलते करणाऱ्या वर्गांमुळे वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न तुलना गटाच्या जवळपास निम्मे आढळले. परीक्षापद्धतीतील बदलही उपयोगी ठरू शकतात. तमिळनाडूत अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून लगेच पुरवणी परीक्षा सुरू झाली. महाराष्ट्रात दहावीसाठी अशी परीक्षा २०१५ पासून जुलैमध्ये घेतली जाऊ लागली.

एखाद्या विद्यार्थ्याचा आत्महत्येने मृत्यू झाल्यास त्याचे अनुकरण होण्याचा धोका असतो. म्हणून पद्धतीचे वर्णन व मृत्यूचे उदात्तीकरण टाळून जवळच्या मित्रांना आधार देणे आवश्यक असते. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये वृत्तांकनासाठी याच स्वरूपाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली.

भारतातील कायदा व धोरण

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, असा प्रयत्न शिक्षापात्र ठरवणाऱ्या जुन्या कलम ३०९ ला स्थान नाही. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी वा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र गुन्हा आहे. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात जाणे टाळण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

मदतीचे मार्ग

केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास उपलब्ध असून मराठीतूनही बोलता येते. त्रासात असलेल्या व्यक्तीप्रमाणेच काळजीत असलेले पालक, शिक्षक किंवा मित्रही तेथे सल्ला घेऊ शकतात. १८ वर्षांखालील मुलांसाठी १०९८ ही बालमदतवाहिनी आहे. जीवास तत्काळ धोका असल्यास ११२ या आपत्कालीन क्रमांकावर किंवा महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ वर संपर्क साधता येतो.