उघडी वही, झाकलेले नाव

लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी अजून वही पूजतात. व्यापार आजोबांबरोबर संपला, माझी 34 वर्षे बँकेच्या नोकरीत गेली. तरी पाटावर एक कोरी वही आणि तिच्याशेजारी लाल बासनात बांधलेली आजोबांची जुनी खतावणी ठेवायचा रिवाज आईने सोडला नाही, आणि तिच्यामागे आम्हीही सोडला नाही. आजोबा बेळगावात रविवार पेठेत एका गुळाच्या पेढीवर दिवाणजी होते. खतावणी मोडीत आहे. घरात ती वाचू शकणारा मी शेवटचाच, तोही अडखळत वाचणारा.

2021 च्या दिवाळीत बेंगळूरहून आलेला पुतण्या त्या खतावणीकडे बघून म्हणाला, "काका, तुमच्या वहीत सगळ्यांची नावं. आमच्या बिटकॉइनच्या वहीत नावच नसतं, नुसती अक्षरं आणि आकडे. कोण कुणाला काय देतो, कुणाच्या बापाला कळत नाही." सणाच्या दिवशी वाद नको म्हणून मी गप्प बसलो. पण मनात आले, नाव लिहिले नाही म्हणून व्यवहार झाकला जातो का? आजोबांच्या वहीत नावे ढळढळीत होती आणि तरी पेठेत कुणाला पत्ता लागत नसे.

तो कसा लागत नसे, हे आधी सांगायला हवे. हुंडीचा कागद हातोहात फिरे, पण कुणाच्याही हाती गेला म्हणून पैसे मिळत नसत. शहाजोग हुंडी असेल तर बाजारात पत असलेल्या 'शहा'लाच रक्कम द्यायची. धनीजोग असेल तर धन्यालाच. हुंडी हरवली तर पेठ लिहून द्यायची, तीही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झाले की तिचा खोखा व्हायचा आणि तो दप्तरात पडायचा. हे सारे मोडीत, म्हणजे वाचणारेच मोजके. बोलण्यातही आडपडदा होताच. आपल्याकडच्या दलालांची आणि व्यापाऱ्यांची नंदभाषा जुन्या वाचकांना आठवत असेल : मुळू म्हणजे पाच, उधानू म्हणजे तीन, अंगळू म्हणजे दहा. गिऱ्हाईक समोर उभे असतानाच दोघे भाव ठरवून मोकळे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होई, तो तर पुष्कळांनी पाहिला असेल.

या झाकपाकीचे मी गोडवे गात नाही. रुमालाखाली काय ठरले हे शेतकऱ्याला कळत नसे आणि त्यात तो नाडला जाई. पुढे बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला तो उगाच नव्हे. सांगायचे एवढेच की त्या व्यवस्थेत गुपित सांभाळणारी माणसे होती. पेढीला सगळे ठाऊक असे, पेठेला काही नाही. मी बँकेत लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी गोपनीयतेच्या प्रतिज्ञेवर सही केली होती. तीही त्याच घराण्यातली.

संगणकाच्या युगात हे गुपित पेढीपासूनही राखता येईल का, असा प्रश्न डेव्हिड चॉम या अमेरिकी गणितज्ञाने 1982 साली घातला आणि उत्तरही दिले. त्याची युक्ती त्याच्याच धर्तीवर सांगतो. पाकिटात कोरा कागद आणि त्यावर कार्बन ठेवून पाकीट बंद करा. बँक बाहेरून शिक्का मारील, तो आतल्या कागदावर उमटेल. पण त्या कागदावरचा क्रमांक बँकेने पाहिलेला नसेल. पुढे तो कागद दुकानदाराकडून परत आला की बँकेला आपला शिक्का ओळखता येतो, कागद कुणाला दिला होता ते मात्र सांगता येत नाही. चॉमने ॲमस्टरडॅममध्ये डिजिकॅश नावाची कंपनी काढली. 1995 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या एका बँकेने त्याचे चलन चालवूनही पाहिले. 1998 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. लोकांना क्रेडिट कार्डाची सोय पुरेशी वाटली आणि आपला खर्च दुसरा कुणी पाहतो याची बोच फार थोड्यांना होती.

मग 31 ऑक्टोबर 2008 रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नऊ पानांचा एक निबंध आला आणि 3 जानेवारी 2009 रोजी बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. यात पेढीच नाही. आता पेढी नसेल तर एकच नाणे कुणी दोनदा खर्चले नाही हे कोण तपासणार? सगळ्यांनी मिळून. आणि सगळ्यांनी तपासायचे तर वही सगळ्यांपुढे उघडी हवी! पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक व्यवहार, रकमेसह, जगात कुणालाही वाचता येतो आणि खोडता कुणालाच येत नाही. झाकलेले असते ते फक्त नाव. सातोशीने निबंधातच लिहून ठेवले होते की दर व्यवहाराला नवी किल्ली वापरावी, आणि तरीही काही जोडण्या उघड्या पडणारच. हा भाग फारसा कुणी वाचत नाही. आमच्या चिरंजीवांनीही वाचला नव्हता.

त्या दिवाळीनंतर महिन्याभरात त्याने एका मित्राचे उसने पैसे बिटकॉइनने फेडले. रक्कम किरकोळ. मित्राने ती कुठल्या पत्त्यावरून आली ते पाहिले, तर त्याच पत्त्यावर पुतण्याची चार वर्षांची सारी बचत, शेवटच्या आकड्यापर्यंत! त्याने एकच पत्ता सतत वापरला होता. मित्राने आठ दिवसांत मोठी रक्कम उसनी मागितली, याने नाही म्हटले, आणि मित्राने ती गोष्ट थेट बेळगावात आमच्या घरी पोचवली. माझा भाऊ तेव्हा मुलीच्या लग्नासाठी कर्जाचे कागद भरत होता. त्या रात्री बाप-लेकात जे बोलणे झाले ते मी इथे लिहीत नाही. कर्ज शेवटी काढलेच, आणि लग्नात दोघे एकमेकांशी कामापुरतेच बोलले.

घरातले सोडा, जगातही असेच झाले. 2013 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या विद्यापीठात सारा मिकलजॉन आणि तिच्या सहकाऱ्यांनी स्वतः साडेतीनशेच्या आसपास व्यवहार करून पाहिले. कुठल्या पत्त्यामागे कुठले दुकान हे त्यातून कळले. मग तर्क साधा होता : एकाच देण्यासाठी चार बटवे एकदम रिकामे झाले तर चारही एकाच माणसाचे, आणि उरलेली मोड ज्या नव्या पत्त्यावर जाते तोही त्याचाच. एवढ्यावर त्यांनी पत्त्यांचे थवेच्या थवे ओळखले. ऑगस्ट 2016 मध्ये हाँगकाँगच्या बिटफिनेक्स बाजारातून सुमारे 1 लाख 20 हजार बिटकॉइन चोरीला गेले. चोरांनी त्यांतली काही नाणी अनेक लहान व्यवहारांतून फिरवली. फेब्रुवारी 2022 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक जोडपे पकडले गेले आणि 94 हजारांहून अधिक नाणी सापडली. साडेपाच वर्षे वही निमूट पडून होती, फक्त वाचणारा यायचा होता.

यावर उपाय निघाले. 2014 पासूनचे मोनेरो रक्कम, देणारा, घेणारा तिन्ही झाकते. पुष्कळांची नाणी एकत्र घुसळून वाटून देणाऱ्या सोयीही झाल्या. त्यांपैकी टोर्नेडो कॅशवर अमेरिकी सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये निर्बंध घातले, कारण उत्तर कोरियाच्या चोरांनी ती वापरली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सरकारने अधिकार ओलांडल्याचे म्हटले आणि मार्च 2025 मध्ये निर्बंध उठले. पण दरम्यान नेदरलँड्सच्या न्यायालयाने तिच्या एका रचनाकाराला मे 2024 मध्ये पाच वर्षे चार महिन्यांची शिक्षा दिली होती. रुमाल विणणाऱ्याला रुमालाखालच्या सौद्याबद्दल धरावे का? माझे मत अजून पक्के होत नाही.

आपल्याकडे मात्र चित्र वेगळे आहे. 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर, 1 जुलै 2022 पासून व्यवहारावर 1 टक्का उगमकपात, आणि मार्च 2023 पासून या बाजारांना ग्राहकाची ओळख पटवून नोंद ठेवण्याचे बंधन. म्हणजे सरकारला नाव ठाऊक असतेच, आणि माझ्या मते कर भरणाऱ्याने त्याचे दुःख करू नये. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या खटल्यातले मूळ अर्जदार पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती होते, हे आपल्या भागात फारसे कुणी सांगत नाही. पण तो निकाल आपण मित्राला आपल्याच हाताने दिलेल्या पत्त्यापासून वाचवू शकत नाही.

पुतण्या आता दर येण्याला नवा पत्ता काढतो, बचतीचा बटवा आणि खर्चाचा बटवा एकमेकांत मिसळत नाही, आणि पत्ता कुठे लावून ठेवत नाही. जुन्या पत्त्याचे काय, म्हणून मी विचारले. तो म्हणाला, "ते राहणार, काका. कायमचं."

मागच्या दिवाळीला पूजा झाल्यावर तो खतावणी घेऊन माझ्याजवळ बसला. मोडी शिकायची म्हणाला. मधले एक पान उघडले. येणे बाकीच्या खाली एक नाव होते. त्या घरातली माणसे आजही आमच्याच गल्लीत राहतात, संध्याकाळी फराळाचे ताट घेऊन येणार होती. "हे कोण?" त्याने विचारले.

अक्षर पुसट झालंय, म्हणालो मी, आणि पान उलटले.