पाय ठेवावयाची जागा

मुंबई-आग्रा मार्गावरील चांदवड हें गांव समुद्रापासून दूर, डोंगरांच्या कुशींत वसलेलें आहे. गलबताशीं त्याचा संबंध तो काय, असें वाचक सहज विचारतील. परंतु अहिल्याबाई होळकरांच्या (कारकीर्द १७६७–१७९५) नांवाशीं निगडित असलेल्या तेथील रंगमहालांत, कोरींव लांकडी खांबांपुढें मान वर करून उभें राहिलें कीं एक प्रश्न मनांत येतो : एवढ्या उंचीवरचें नाजूक लांकूड दुरुस्त करावयाचें तर कारागिरानें पाय कोठें ठेवावा? जुन्या जहाजाच्या जीर्णोद्धारांतही पहिला प्रश्न हाच असतो.

त्याचें उदाहरण मुंबईनेंच दिलें आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं मुंबईच्या गोदींत मलबारी सागवानाचें 'त्रिंकोमाली' हें ब्रिटिश आरमारी जहाज १८१६ मध्यें बांधावयास घेतलें व १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत सोडलें. इंग्लंडांतील हार्टलपूल येथें त्याचा जीर्णोद्धार मात्र १९९० पासून २००१ पर्यंत चालला. बांधण्यास दीड वर्ष, सावरण्यास अकरा!

याचें एक कारण उघड आहे. नवें जहाज कण्यापासून वर चढत जातें व परांची त्याच्याबरोबर चढते. जुन्या जहाजाची एक फळी काढली, कीं तिचा भार शेजारच्या फळीवर पडतो. म्हणून आधीं कण्याखालीं ओंडके, मग दोहों अंगांस धिरे, आणि नंतरच परांची, हा क्रम मोडतां येत नाहीं. परांची जहाजाला टेकवावयाची नाहीं. तिनें जमिनीवर स्वतंत्र उभें राहावें, पोटाच्या फुगवट्याप्रमाणें तिचे मजले आंत-बाहेर सरकावेत, आणि धिरा हलवावयास वाट मोकळी असावी.

आपल्याकडेही हें ज्ञान होतें. विजयदुर्गाजवळ खाडीकाठीं आनंदराव धुळपांच्या काळीं, १७५९ च्या सुमारास, खडक फोडून केलेली सुमारें ३५५ फूट लांब व २२७ फूट रुंद गोदी त्याची साक्ष आहे. खडक टिकला, त्यावर उभारलेले वांसे व फळ्या मात्र काम संपतांच उतरल्या, आणि त्यांबरोबर त्या रचण्याची युक्तिही गेली.

वास्तूचीं मापें आपण जपतों. परांचीचा आराखडा मात्र काम झाल्यावर फेंकून देतों. रंगमहाल असो वा जहाज, तो आराखडा दप्तरीं ठेवावा. पुढच्या पिढीच्या कारागिरास पाय ठेवावयाची जागा नव्यानें शोधावी लागणार नाहीं.